गार हातांचं काम

फ्रीजमधला बर्फाचा ट्रे. भरून ठेवला तरी रिकामा.

एकाच पायात मोजा घातलेली बाई.

"दुसरा पाय निर्लज्ज आहे माझा."

बेसिनखाली एक वाडगा, त्यात बोटभर पाणी. कोणी ठेवला, कोणी विचारलं नाही.

बटर पेपरवर बसकण मारलेला एक गोळा. त्यावर अंगठ्याचा ठसा, रेषांसकट.

घरात थर्मामीटर एकच होता आणि तो साखरेच्या पाकाचा होता.

*

सगळं सुरू झालं ते दोघी बहिणींच्या हातांवरून.

धाकटीचे हात जन्माचे गरम. तिने ट्रफलचा, म्हणजे मऊ चॉकलेटचा, गोळा तळहातावर घेतला की तो दोनदा फिरायच्या आत पाघळायचा, आणि बोटांच्या बेचक्यांतून चॉकलेट खाली. क्रीम उकळायचं, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतायचं, घोटायचं, फ्रीजमध्ये घट्ट व्हायला ठेवायचं, इथपर्यंत ती पक्की होती. कॅरॅमलच्या गोळ्या तर अशा करायची की दाताला चिकटायच्या नाहीत. पण वळणं आलं की तिचं घोडं अडायचं.

थोरलीचे हात गार. शाळेत मुली मुद्दाम तिचा हात आपल्या मानेला लावून किंचाळायच्या. नवरा होता तोवर तो म्हणायचा, "आधी हात शेकून ये, मग चहाचा कप दे." नवरा गेल्यावर थोरली एक बॅग घेऊन धाकटीकडे 'चार दिवस' राहायला आली. मुलगा दुसऱ्या शहरात. तो दर रविवारी फोनवर म्हणायचा, "आई, तू कधीही ये." कधी ते म्हणायचा नाही.

थोरली इथे अंग चोरून राहायची. सोफ्याच्या कडेला बसायची. दुसऱ्यांदा वाढू का विचारलं तर ताटावर हात आडवा धरायची. मग एका दुपारी धाकटी चिडून पातेल्यात चमचा आपटत होती, तेव्हा थोरलीने नुसती गंमत म्हणून एक गोळा वळला. गोल गरगरीत. हात कोरडे.

"बाई गं! तुझे हात आहेत की फ्रीज?" धाकटी ओरडली. नवऱ्याला हाक मारली. "अहो, बघा तरी!"

धाकटीचा नवरा इलेक्ट्रिशियन. त्याने थोरलीचा हात हातात घेऊन तपासल्यासारखं केलं. "करंट नाही ताई यात. लाइन मेलेली आहे."

"मेलेलीच आहे जावईबापू. आता उपयोगाला आली."

त्या दिवसापासून थोरली दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागली.

*

घरात एक विनोद होता. तो कोणी केला ते सांगायलाच हवं. धाकटीने.

"ताई, हात सांभाळ हं. हे गरम झाले की तुला मुलाकडे पार्सल करीन."

पहिल्यांदा तिघंही हसली. सगळ्यांत जास्त थोरली. मग तो विनोद पायपुसण्यासारखा दारात पडून राहिला. येता-जाता कोणी ना कोणी त्यावर पाय द्यायचंच. थोरली दर वेळी हसायची आणि नंतर, पाठ वळवून, आपले हात गालांना लावून बघायची.

*

चौकातला बेकरीवाला नवं दुकान उघडणार होता. धाकटीने त्याला नमुना नेऊन दिला. त्याने काचेचा एक अख्खा कप्पा देऊ केला. उद्घाटनाला माल चालला, तर कप्पा कायमचा.

घरात नुसती धावपळ. शेगडीवर कॅरॅमल, ओट्यावर चॉकलेट, जेवणाच्या टेबलावर बटर पेपर. एका सकाळी पातेलं उतरवताना कलंडलं आणि कॅरॅमलचा एक ढेकळाएवढा गोळा थोरलीच्या डाव्या पावलावर पडला.

पाणी पडलं तर ओघळून जातं. कॅरॅमल जात नाही. ते बसतं.

"पाण्याखाली धर," धाकटी म्हणाली. तिची नजर पातेल्यावर होती. रंग सोनेरीवरून तपकिरीवर चालला होता, आणखी थोडं थांबलं की कडू.

थोरलीने आधी पातेलं धरून पाक ट्रेमध्ये ओतायला मदत केली. मग मोरीत गेली. गोळा ओढून काढला. कातडंही आलं.

"बरंच भाजलं का गं?"

"छे. थेंब होता."

दुसऱ्या दिवशी तिने मोजा घातला. लादी गार लागते म्हणाली.

"एकाच पायाला?"

"दुसरा पाय निर्लज्ज आहे माझा."

धाकटी खदखदून हसली. हात कामात होते.

*

मग गोळे बसायला लागले.

आधी एखादा. नंतर ओळच्या ओळ. थोरली वळून ठेवायची आणि तो हळूच कमरेत वाकायचा. धाकटीने आधी क्रीमला दोष दिला. दुसरं आणलं. मग चॉकलेटला. मग पंख्याला, खिडकीला, समोरच्या भिंतीवर येणाऱ्या उन्हाला. नवऱ्याने फ्रीज पुढे ओढला, मागचं झाकण उघडलं, टॉर्च मारला. पाकाचा थर्मामीटर धुऊन त्याने मिश्रणात बुडवला, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवला, खालच्या कप्प्यात ठेवला, शेवटी स्वयंपाकघराच्या मध्यभागी हवेत धरून उभा राहिला.

"सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. "माझा मशिनवर संशय नाही."

"मग माणसांवर आहे का?" धाकटी फणकारली.

"माझंच चुकत असेल," थोरली म्हणाली. "जरा हात धुऊन येते."

ती बेसिनपाशी गेली. बराच वेळ तिथेच होती. आली तेव्हा बोटं लाल होती, आणि पुढचा ट्रे सुरेख झाला. त्याच्या पुढचा नाही. ती पुन्हा हात धुवायला गेली. चालताना एका हाताने भिंत धरत होती.

"ताई, ठसे बघ कसे उमटलेत. असा माल बेकरीवाला कुत्र्यापुढेही टाकणार नाही."

"करते गं. नीट करते."

"आणि चेहरा बघा हिचा! गाल कसे चमकतायत. चोरून चॉकलेट खाल्लंस ना?"

"खाल्लं," थोरली म्हणाली. तिच्या ओठांवरची साल निघाली होती.

शेवटचा ट्रे देताना दोघींची बोटं एकमेकींना लागली. धाकटी थबकली. तिने ताईचा हात पकडला, उलटा केला, सुलटा केला.

"अगं! तुझे हात माझ्यासारखे झालेत की! आता कसं व्हायचं आपलं?"

थोरलीने हात ओढून घेतला. "गरम पातेलं धरलं होतं आत्ता."

ओट्यावर गरम पातेलं नव्हतं. धाकटीने ओट्याकडे पाहिलंही. मग ट्रे मोजले, पंचाने झाकले आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, ऊन चढायच्या आत पोहोचायला हवं."

*

परत आल्या-आल्या तिला फ्रीजची घरघर ऐकू आली. दार सताड उघडं. थोरली खाली बसलेली, डोकं दाराला टेकलेलं, दोन्ही हात खालच्या कप्प्यात भाजीच्या ट्रेवर, वाढायला ठेवल्यासारखे. मोजा पायाला चिकटला होता. त्याच्या वरून एक लाल रेघ गुडघ्याकडे गेली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मोजा कात्रीने कापला आणि नाकावर रुमाल धरला.

"ताप किती दिवस होता?"

"ताप नव्हता," धाकटी म्हणाली. "हात गरम होते."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी आधी धाकटीकडे पाहिलं, मग तिच्या नवऱ्याकडे. "रक्तात विष भिनलंय," त्या म्हणाल्या. "दोन दिवस आधी आणायचं होतं."

नवरा बाहेर जाऊन मुलाला फोन लावत राहिला. धाकटी कॉटजवळच्या स्टुलावर बसली. मध्येच थोरलीने डोळे उघडले.

"ट्रे गेले?"

"गेले ताई."

"बसलेले नाहीत ना कुठले?"

"एकही नाही."

"मग..." तिला धाप लागली. ती हसत होती की काय, कळेना. "मग पार्सल नको करू."

धाकटीने तिच्या तोंडावर हात ठेवला. आपलाच हात तिला गार लागला.

थोरली दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मुलगा संध्याकाळी पोहोचला. तोवर थोरलीचे हात पहिल्यासारखे झाले होते. धाकटीने ते सोडले नाहीत. नर्सने दोनदा सांगून पाहिलं, मग नवऱ्याने एकेक बोट करून सोडवले.

*

बेकरीवाल्याचा निरोप आला. कप्पा रिकामा झाला, पुढचा माल कधी?

धाकटीने क्रीम उकळलं, ओतलं, घोटलं. मिश्रण घट्ट झाल्यावर चमचाभर तळहातावर घेतलं आणि तशीच उभी राहिली. ते पाघळलं, मनगटावरून कोपरापर्यंत आलं, फरशीवर पडायला लागलं. नवरा दारात उभा होता. त्याने फडकं आणलं.

*

नमुना पाहिला त्याच दिवशी बेकरीवाला म्हणाला होता, "हाताने वळलेलेच हवेत असं काही नाही, साच्यातले आणलेत तरी चालतील," आणि ताई पुन्हा ताटावर हात आडवा धरील म्हणून धाकटीने ते घरी सांगितलं नव्हतं.