नदी डाव्या हाताला

ब्रश रंगात बुडवला आणि हात तसाच अडला. घरांची सावली कुठल्या बाजूला टाकायची तेच कळेना.

समोरच्या कापडावर आमच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं, हज करून आलेल्या हाज्जा नबराचं गाव होतं, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, तिकडे दक्षिणेला नूबियातलं. तिनं सांगितलं तसं मी कागदावर उतरवलं होतं. धक्क्यावरून घराकडे चालू लागलं की डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला डोंगर, मधोमध निळ्या दाराचं तिच्या आईचं घर. सकाळचं ऊन नदीवरून यायचं. आणि इथे नदी उजवीकडे!

"उस्ता, कागद पालथा धरलात का हो?" मी नवऱ्याला विचारलं. मुरलेल्या कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात.

शुक्रीनं सुईवरून डोळे काढले नाहीत. "त्यात पालथं नि सुलटं काय असतं?"

कैरोच्या आमच्या तंबूवाल्यांच्या गल्लीत कागदाच्या घड्या घालून नक्षी टोचतात. मग तो उलगडून कापडावर ठेवायचा, भोकांतून कोळशाची पूड घासायची आणि उमटलेल्या ठिपक्यांवर तुकडे शिवायचे. कागद कसाही धरा, फूल ते फूलच. गावाला डावं-उजवं असतं, हे मात्र या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. शिवलं खाली दुकानात, आणि रंगवायला म्हणून आज माझ्यापुढे आणून टाकलं. रंगाची वाटी त्याच्या डोक्यावर पालथी करावीशी वाटली.

त्यानं येऊन पाहिलं. चेहरा उतरला.

"उसवा," मी म्हणाले.

"डोंगर कशाचा आहे, विसरलीस?"

कशी विसरेन? हाज्जाच्या आईचा काळा झिरझिरीत झगा होता तो. आईची म्हणून तेवढीच वस्तू तिच्याकडे उरली होती आणि तीच तिच्या सांगण्यावरून आम्ही कापली होती. कापड इतकं जुनं, की टाका काढताना चिरत जाईल याची मला खात्री होती.

शुक्री हळूच म्हणाला, "तिला धड दिसत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करू नकोस आज. माझी शपथ आहे."

"म्हातारीला फसवायचं?"

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. हाज्जाच होती; संध्याकाळच्या गाडीनं ती परत, धरणानंतर वसवलेल्या नव्या गावी जाणार होती.

हाज्जा बसली, चहा नको म्हणाली. "आधी घर दाखवा माझं."

शुक्रीनं कापड तिच्या मांडीवर पसरलं. तिची बोटं चाचपडत निळ्या दारापाशी पोचली. दाराची जाड शिवण लागली तशी ती हसली. मग डावा हात पाण्याकडे सरकला. नदी आम्ही गुळगुळीत सॅटिनची केली होती. हाताला लागला झगा. हात थांबला.

"पाणी कुठाय, पोरी?"

शुक्री माझ्याकडे बघत होता. शपथ गेली खड्ड्यात.

"उजवीकडे, हाज्जा. चुकलंय. गाव उलटं शिवलं गेलंय."

शुक्रीनं डोळे मिटून घेतले. हाज्जानं उजव्या हातानं सॅटिन चाचपलं, पुन्हा झगा चाचपला.

"उलटं नाही गं," ती म्हणाली. "आम्हाला घरून धक्क्यावर, बोटीकडे नेलं ना, तेव्हा नदी अशीच उजव्या हाताला होती. हे जातानाचं गाव आहे. ते मला रोज दिसतं, त्याला कापड कशाला हवं? मी येतानाचं मागितलं होतं."

माझे डोळे भरून आले. शुक्री खाली मान घालून म्हणाला, "हाज्जा, उसवलं तर तुमच्या आईचा झगा फाटेल. उरणारच नाही कदाचित."

"किती उरेल?"

"सांगता येत नाही."

ती झग्यावरून हात फिरवत राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी भाव करत होतं. शुक्रीनं कात्री उचलली, पण झिरझिरीत कापड सारखं सरकत होतं, टोक टाक्यात जाईना. शेवटी हाज्जानंच काळं कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"काप, बाळा," ती म्हणाली. "चिंधी उरली तरी चालेल. उजवीकडे लाव."