पलीकडच्या दवाखान्यात नाव सापडेना

नणंदेचा फोन आला की माझ्या कपाळावर आठी पडते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दुपारी मात्र बबडीचा आवाजच वेगळा होता.

"वहिनी, बाबांच्या छातीत डाग दिसतोय."

बाबा म्हणजे माझे सासरे. खोकला हटेना म्हणून बबडी त्यांना आपल्या दवाखान्यात घेऊन गेली होती. ती तिथे स्कॅन काढते. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याच दवाखान्याच्या मुख्य हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं जाळं सांभाळते. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. बाबांचा जुना स्कॅन आमच्याकडच्या सर्व्हरवर आहे. डाग तेव्हाही एवढाच असेल तर खुशाल घरी जा, नसेल तर आजच छातीत सुई घालून तपासणीसाठी डागाचा तुकडा काढायचा. बाबांची प्रकृती आधीच तोळामासा. ती सुई त्यांना सोसेल का, कोण जाणे.

आणि नेमका तो जुना स्कॅन तिकडे उघडेना.

"तुझा बोगदा बंद पडलाय," बबडी म्हणाली. दोन्ही इमारतींना जोडणारा व्हीपीएन, त्याला ती बोगदा म्हणते.

"बोगद्याला काही झालेलं नाही. सांगते तेवढं टाइप कर."

सर्व्हरचा नंबर टाकला तर लगेच उत्तर. नाव टाकलं तर 'असं कुणी नाही'. आणि स्कॅन बघायचा प्रोग्रॅम तर नावावरच अडून बसलेला!

"राउटरला हात लावला का कुणी?"

"काल नवा बसवलाय."

मी कपाळावर हात मारला. हे शहाणं यंत्र आमच्या सर्व्हरची चौकशी बाहेरच्या इंटरनेट कंपनीकडे करत होतं. त्यांना आमच्या घरातली नावं कुठून ठाऊक असणार? मी इथूनच राउटरमध्ये शिरले आणि बजावून ठेवलं, आमची नावं बोगद्यातून आम्हालाच विचारायची, बाकी जगाची हवी तर बाहेर विचार.

"आता बघ."

"नाही उघडत."

सगळं पुन्हा तपासलं. कुठे काही चुकलेलं दिसेना. फोनमधून डॉक्टरांचा आवाज आला, "अजून थोडा वेळ थांबतो, मग मात्र सुईची तयारी करायला हवी." मागोमाग बाबांचा, "करू दे गं त्यांना. तुम्ही दोघी भांडू नका."

तेवढ्यात बबडीच्या चपलांची फटफट ऐकू आली.

"जागची हलू नकोस!" मी खेकसले.

"ओरडू नकोस, वहिनी. शेजारच्या खोलीतला कॉम्प्युटर सकाळपासून बंदच आहे, तो लावून बघते."

माझं ऐकायचं नाही हा तिचा जुना नेम. मी दात-ओठ खात बसले.

"उघडला! वहिनी, इथे उघडला!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिला कॉम्प्युटर मघाशी मिळालेला नकारच लक्षात धरून बसला होता, नव्यानं विचारायलाच तयार नव्हता. ती आठवण पुसायला सांगायचं मी घाईत साफ विसरले होते. रोजचं काम माझं, आणि सुचलं बबडीला.

डॉक्टर दोन्ही स्कॅन शेजारी लावून मोजत होते. मला इथे नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"तेवढाच आहे," बबडी म्हणाली. "तसूभरही वाढलेला नाही. सुई नको म्हणाले, खोकल्याला गोळ्या देतायत."

"बबडे, तू माझं ऐकलं असतंस ना..."

"पुरे गं."

"पुरे काय? तुझे उपकार झाले माझ्यावर. खरंच सांगते."

 तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग फोन बाबांनी घेतला.

"सूनबाई, शर्ट घाला आणि घरी जा म्हणाले डॉक्टर."

"घाला, बाबा," मी म्हणाले.