तांबड्या पात्यांचे गवत

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतून फोन आला. अंतेनेह मेला होता. आदल्या संध्याकाळी तो दुकान बंद करत असताना दोघे जण आत शिरले आणि त्याला गोळी घातली, एवढेच फोन करणाऱ्याला ठाऊक होते. फोन गाशे सेमाहेन यांना आला. ते गल्लीच्या इदिरचे प्रमुख. कुणाच्या घरी मयत झाले की तंबू, बाके, भांडी, कबर, सगळे ही मंडळी बघते. दहा वाजेपर्यंत कोतेबे वस्तीतल्या त्या गल्लीत घराघरात बातमी पोचली होती. अंतेनेहच्या आईला, असेगेदेचला, तेवढी ती कळली नव्हती.

तिला ती दुसऱ्या दिवशी पहाटे कळायची होती. परमुलुखातले मरण आईला भर दिवसा, एकटीला गाठून सांगत नाहीत. उजाडायच्या आत वडीलधारी माणसे दार वाजवतात, मागे बायका उभ्या असतात, कोसळणाऱ्या बाईला धरायला हात असतात. तोवर सगळ्यांनी नेहमीसारखे वावरायचे. जो आधी तोंड उघडेल, त्याच्या घरच्या मयताला इदिरचा तंबू जात नाही.

"आज तिला तू सांभाळ," गाशे सेमाहेन फिकिर्तेला म्हणाले. "तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण आहेस. घरात बसू देऊ नको. लोकांचे चेहरे बघेल, ओळखेल. बाहेर ने कुठंतरी."

"कुठं नेऊ? उपास चाललाय, वर हा पाऊस."

"ती गवत आणायला निघालीच होती की," गाशेंची बायको म्हणाली. "आठवडाभर दुसरं काही बोलत नाहीये. मग ने तिकडंच."

"जा," गाशे म्हणाले. "गवत निवडा."

फिकिर्तेचा मुलगा सुराफेल अंथरुणातून उठून आला होता. दुरुस्त करून देतो म्हणून त्याने असेगेदेचचा फोन मागून घेतला, सिम काढून खिशात टाकले आणि फोन तसाच परत दिला. त्या दिवशी त्याने केलेले हे एकच काम, आणि ते त्याने नीट केले.

असेगेदेच फाटकाशी तयार उभी होती. साठी ओलांडलेली, ताठ, पांढरी शुभ्र नेतेला, किनारीची सुती ओढणी, खांद्यावरून घेतलेली. मागे मुलाने पैसे पाठवून बांधलेले नवे घर, आणि घरापुढे चिखलाचा मोकळा चौकोन. पावसाळा सरताना येणाऱ्या नव्या वर्षाला, म्हणजे अजून महिनाभराने, अंतेनेह येणार होता. अकरा वर्षांनी पहिल्यांदाच. त्याने तिकडच्या एका बंगल्याचा फोटो पाठवला होता. फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंना गवताची बेटे, वाऱ्यावर झुलणारे तुरे. आई, माझ्या दारात असं लाव, असे त्याने सांगितले होते.

"गवत विकत घ्यायचं," मिनीबसमध्ये असेगेदेच म्हणाली. "माझा नवरा, त्याच्या आत्म्याला क्षमा मिळो, असता तर पोट धरून हसला असता. गवत म्हटलं की त्याला बैल आठवायचा."

"खरंच, एतेते," थोरल्या बहिणीला मारतात तशी हाक मारत फिकिर्ते म्हणाली. "सणाला घरात पसरतो तेवढं गवत पुरे की. अंगणात कशाला आणखी? कांदे लाव."

"कांदे तू लाव. तुला मुलगा घरी बसवून पोसायचाय."

पुढच्या बाकावरच्या दोन बायका हसल्या. फिकिर्तेही हसली. आज तिने हसायचेच होते.

रोपवाटिका नदीच्या उतारावर होती. रोपवाल्याने डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली होती. त्याने पायानेच कुंड्या इकडेतिकडे सरकवून बायकांना वाट करून दिली. असेगेदेचने फोन त्याच्या नाकासमोर धरला.

"हे. अगदी हेच पाहिजे."

त्याने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. "हे पांढऱ्या तुऱ्यांचं. आहे माझ्याकडं. पण सांगून ठेवतो, याचं बी उडतं. आज तुमच्या दारात, पुढच्या वर्षी शेजारणीच्या."

"ही बघ शेजारीण. हिच्या अंगणात काहीतरी उगवू दे तेवढंच."

"मग ते पट्ट्यापट्ट्यांचं बघा. ऊन लागतं त्याला. आणि हे तांबड्या पात्यांचं. हे पसरत नाही, जागच्या जागी बेट धरतं. उंच होतं, छातीपर्यंत. नाजूक आहे जरा, थंडीत वाळल्यासारखं दिसतं. उपटून टाकू नका, खाली जिवंत असतं."

असेगेदेच एकेका ठोंबापुढे उभी राहिली. पाते चिमटीत धरून ओढून बघितले, मुळाशी बोट घालून माती चाचपली, वास घेतला. भाजी घेताना करायची तसेच. पाऊण तास ती पांढरे की तांबडे यावर अडून होती. फोटोतले पांढरे होते, पण तांबडे तिच्या डोळ्यांत भरले होते.

"त्यालाच विचारते," ती म्हणाली आणि फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

"इथं उतारावर मिळत नाही नेटवर्क," फिकिर्ते म्हणाली.

"याचा वाजतोय की मघापासून," तिने रोपवाल्याकडे बोट दाखवले. "दे, तुझ्यावरून लाव."

"माझ्यात पैसे नाहीत भरलेले."

"असणार कुठून? फोन भरायला मुलगा कमवावा लागतो." मग रोपवाल्याकडे वळून, "दादा, तुझ्याकडं माती वाहायला माणूस पाहिजे का? हिचा एक आहे घरी. धडधाकट आहे. जेवतोही चांगला. फक्त दुपारपर्यंत त्याला हलवायचं नाही."

रोपवाला ओठांतल्या ओठांत हसला. फिकिर्तेने एका कुंडीतले वाळके पाते तोडले.

"चेष्टा पुरे, एतेते. तो बसलाय तो कुणामुळं? अंतेनेह बोलावतो म्हणाला होता. पाच वर्षं वाट बघतोय पोरगा. दुसरं काम धरलं नाही त्या आशेवर."

"बोलावणारच होता," असेगेदेच म्हणाली. ती वाकून तांबड्या गवताचे ठोंब बाजूला काढत होती. "मीच नको म्हटलं."

"काय?"

"मीच म्हटलं, नको बोलावू. झोपाळू माणूस दुकानात बसवलास तर चोर गल्ला घेऊन जातील. मला काय, मी माझ्या मुलाचं बघायचं."

पाच वर्षे फिकिर्ते त्या बाईच्या दारात जात होती. सणाला तिची कोंबडी कापून देत होती, तिचे कपडे धूत होती, फोनवर अंतेनेहशी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून तिच्या पायरीवर बसत होती. आणि असेगेदेच दर वेळी म्हणायची, विचारलं गं, बघतो म्हणतोय.

"खोटं," फिकिर्ते म्हणाली. "अंतेनेहनं, त्याच्या आत्म्याला क्षमा मिळो, स्वतः मला सांगितलं होतं की..."

ती थांबली.

मेलेल्या माणसाचे नाव घेतले की मागोमाग ते शब्द येतात. कुणी आणत नाही, जिभेलाच सवय असते. जिवंत माणसाच्या नावामागे ते चुकूनही येत नाहीत. सकाळपासून गल्लीतल्या प्रत्येक कुजबुजीत अंतेनेहच्या नावाला ते जोडलेले होते, फिकिर्तेनेही दहा वेळा उच्चारले होते. शब्द आपसूक आले, की तिने येऊ दिले, हे तिला तेव्हाही सांगता आले नसते. नंतर तिने स्वतःला ते खूपदा विचारले. एक गोष्ट मात्र तिला नक्की माहीत होती. शब्द तोंडातून सुटले त्या क्षणी तिला बरे वाटले होते.

असेगेदेच वाकलेलीच राहिली. हातातला ठोंब तिने खाली ठेवला नाही.

रोपवाल्याने डोक्यावरची पिशवी काढली. "कोण वारलं?" त्याने हळू विचारले.

"माझा नवरा," असेगेदेच म्हणाली. "बरीच वर्षं झाली त्याला."

ती सरळ उभी राहिली. फिकिर्तेकडे तिने पाहिले नाही. "पांढरं नको," ती रोपवाल्याला म्हणाली. "तांबडं दे. आहे तेवढं सगळं."

परतीच्या वाटेवर असेगेदेचच्या मांडीवरच्या ठोंबाची पाती मिनीबसच्या धक्क्यांनी तिच्या हनुवटीला लागत होती, ती बाजूला सारत नव्हती. फिकिर्ते मनातल्या मनात वाक्ये जुळवत होती. जीभ घसरली म्हणावे. दुसऱ्या कुणा अंतेनेहबद्दल बोलत होते म्हणावे. एकही वाक्य पुरे होईना.

गल्लीत शिरताच बायका दारांतून बाजूला झाल्या. एक-दोघींनी काय आणलंस बघू म्हणून विचारले, आणि असेगेदेचने दाखवले. सगळ्यांना दाखवले. बायकांनी छान आहे म्हटले आणि घरात जाऊन तोंडावर हात दाबले.

मग तिने अंगणात स्टूल टाकले आणि फिकिर्तेच्या हातात कुदळ दिली.

"मी खणू?"

"मग कोण?"

पाऊस थांबून थांबून येत होता. फिकिर्ते खणत होती, असेगेदेच स्टुलावर बसून सांगत होती. एवढेच बोलणे त्या दुपारी झाले.

"खोल."

"पुरे की, एतेते. गवताला किती लागतं?"

"अजून खोल."

उजवीकडची ओळ झाली, मग डावीकडची. एक ठोंब तिरका बसला होता, तो तिने उपटायला लावून पुन्हा बसवून घेतला. अंधारायच्या आत फाटकापासून पायरीपर्यंत तांबडी पाती उभी राहिली, फोटोतल्यासारखी. फिकिर्तेच्या तळहातांना फोड आले होते. असेगेदेच उठली, आत गेली आणि दार लावून घेतले.

पहाटे गाशे सेमाहेन, दोन वडीलधारे, चर्चचे धर्मगुरू आणि मागे गल्लीतल्या बायका, असे सगळे फाटकातून आत आले. फिकिर्ते सगळ्यांत मागे होती. गाशेंनी दारावर हात टाकला तर दार उघडेच होते.

आत खुर्च्या भिंतीला लावून रचल्या होत्या. गाद्या जमिनीवर ओढल्या होत्या. मुलाचा चौकटीतला फोटो खाली उतरवून उशीला टेकवला होता. असेगेदेच गादीवर बसली होती आणि तिच्या नेतेलाची रंगीत किनार पायाशी नव्हती, गळ्याशी होती, सुतकात घेतात तशी.

गाशेंनी रात्रभर जुळवलेले बोलणे तोंडातच राहिले.

"तुला... कुणी सांगितलं?"

"काल दिवसभर फिकिर्ते माझ्याबरोबर होती," असेगेदेच म्हणाली. "तिला विचारा."

सगळ्यांची तोंडे मागे वळली. असेगेदेचने तिच्याकडे नीट, सावकाश पाहून घेतले.

"हिनं मला फार जपलं," ती म्हणाली. मग तिने छाती बडवून पहिली हाक मारली, बायका धावल्या आणि पुढचे काही कुणाला विचारता आले नाही.

मृतदेह आठवड्याने विमानाने आला. दफन झाले. मारणारे सापडले नाहीत. तंबू उतरला, पण फिकिर्ते रोज जात राहिली. पाणी भरायची, कॉफी भाजायची, आल्यागेल्याला वाढायची. गल्लीत तिचे नाव झाले होते. शेजारीण असावी तर अशी, असे लोक म्हणत.

एका दुपारी दोघीच होत्या. फिकिर्तेने कॉफी ओतली.

"दुकानावर अंतेनेहचा भागीदार एकटाच आहे," असेगेदेच म्हणाली. काळ्या कपड्यांत ती लहान दिसत होती. "त्याला मी निरोप दिला. म्हटलं, सुराफेल येतोय."

फिकिर्तेने किटली खाली ठेवली. "कोण सुराफेल?"

"तुझा. दुसरा कोण?"

"एतेते, तिथं आत्ता..."

"पाच वर्षं हेच मागत होतीस ना माझ्या दारात बसून? घे. दिलं."

"मला नको आता."

"तुला कोण विचारतंय? जायचंय त्याला." तिने कपातला गाळ हलवून पाहिला. "गाशे परवा परत येऊन गेले. विचारत होते, पहाटेच्या आधी कुणी सांगितलं. इदिरला निकाल लावावा लागतो म्हणाले, नाहीतर उद्या कुणीही काहीही करील. मी म्हटलं, म्हातारी झाले, आठवून सांगते."

"माझी जीभ घसरली, एतेते. मेरीची शपथ."

"घसरली असेल," असेगेदेच म्हणाली. "दुसरी कॉफी ओत."

सुराफेलला तिने त्याच संध्याकाळी बोलावून सांगितले. घरी आला तेव्हा तो शीळ घालत होता. फिकिर्तेने त्याला अंतेनेहचे काय झाले ते पुन्हा सांगितले, पहिल्यापासून. तो म्हणाला, आई, त्याचं दुकान कोपऱ्यावर होतं, मी आत लोखंडी जाळी बसवून घेईन. तिने त्याला जाऊ नको म्हटले. तो म्हणाला, पाच वर्षं तूच जा जा करत होतीस. यावर तिच्याकडे उत्तर होते, पण ते सांगायचे तर रोपवाटिकेतले सगळेच सांगावे लागले असते.

त्याने केस कापून घेतले, पासपोर्टसाठी फोटो काढले, शुक्रवारी अर्ज दिला. गाशे सेमाहेन रविवारी प्रार्थना आटोपून असेगेदेचकडे येणार आहेत, तिला काय आठवले ते ऐकायला. तिने फिकिर्तेलाही बोलावले आहे. फिकिर्तेने अजून मुलाला हो म्हटलेले नाही, आणि नाहीही म्हटलेले नाही.