रिकाम्या खोलीतला हिरवा दिवा

मित्रांनो, मी एक एअर प्युरिफायर आहे, म्हणजे हवा शुद्ध करणारं यंत्र. पेडगावात दत्तराव आणि बायनाबाईंच्या घरी असतो. दत्तराव मला डबडं म्हणतात. म्हणोत बापडे! वय माझं फार नाही, पण काळजीनं मी आत्ताच म्हातारा झालो आहे.

कारखान्यात माझ्या पोटात घड्या घातलेला पांढराशुभ्र फिल्टर बसवला, पाठीशी पंखा लावला आणि कपाळावर एक दिवा दिला. हवा चांगली असली की दिवा हिरवा, बिघडली की लाल. मला तोंड नाही. जे काही बोलायचं ते या दिव्यानंच.

मला इथं आणलं रामनं. हा त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला असतो. मायचा खोकला थांबेना म्हणून तो दिवाळीला मला घेऊन आला, बैठकीत ठेवलं आणि माझा दिवा आपल्या फोनला जोडून घेतला. इथं मी लाल झालो की तिकडं पुण्यात त्याला लगेच दिसायचं. जाताना पोरगा अगदी निर्धास्त होऊन गेला.

बैठकीला लागूनच स्वयंपाकघर. घरात गॅस होता, पण बायनाबाईंची भाकरी चुलीवरची आणि आंघोळीचं पाणीही चुलीवरच. जळण पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या काटक्यांचं. धूर असा यायचा, की विचारू नका! मी जीव तोडून ओढायचो. काही लोक म्हणतात, ही यंत्रं म्हणजे नुसतं थोतांड. त्यांना माझा तेव्हाचा फिल्टर दाखवायला हवा होता, तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता. चूल विझली, दारं लावली, की बैठकीतली हवा मी निवळवून दाखवायचो. पण पेटत्या चुलीपुढं आणि सताड उघड्या दारापुढं माझं काय चालणार? फुटक्या रांजणात पाणी भरल्यासारखं व्हायचं सगळं.

आणि मी लाल झालो, की फोन वाजायचा.

"माय, चूल पेटवलीस ना? कितीदा सांगायलो तुला! हितं लाल दिसायलंय मला!"

"आता न्हाई पेटवीत रे," बायनाबाई म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दत्तराव ओसरीवरून हसायचे. "डबडं कसलं, चहाडखोर हाय त्ये! मरून गेलेली सासू परत आणून बसवली की तुझ्या पोरानं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी काही चहाडी करत नव्हतो हो. मला खोटं बोलता येत नाही, एवढाच माझा गुन्हा.

संक्रांतीच्या आधी एक दिवस बायनाबाईंनी मला उचललं आणि मागच्या खोलीत नेलं. ती रामची खोली. गादी, कपाट, लोखंडी पेटी, सगळं टापटीप, पण तो नसला की बंद. त्यांनी खिडकी लावली, माझं बटण दाबलं. थोड्याच वेळात मी हिरवा झालो. बायनाबाईंनी पदरानं माझं डोकं पुसलं.

"ऱ्हा बाबा हितं हिरवा," त्या म्हणाल्या. "तिकडं माज्या लेकराच्या जीवाला घोर लागतोय." आणि दार ओढून घेतलं.

तिथून पुढं माझ्या जीवाला घोर लागला. काम चोख चाललं होतं, नाही असं नाही. त्या खोलीतली हवा इतकी स्वच्छ, की काय सांगावं! फक्त ती घ्यायला तिथं कुणी नव्हतं. भिंतीपलीकडून बायनाबाईंचा खोकला ऐकू यायचा. मधेच अवकाळी पाऊस पडला, पऱ्हाट्या भिजल्या आणि ओल्या जळणाचा धूर घरभर कोंडायला लागला. खोकल्याची उबळ लांबत गेली. श्वास घेताना शिटीसारखा आवाज यायला लागला. मी आपला मनातल्या मनात म्हणायचो, अरे, लाल हो, एकदा तरी लाल हो! पण मी जिथं उभा, तिथलीच हवा मला कळते. राम पुण्यात हिरवा दिवा बघून कामाला लागत असेल, या विचारानं माझा पंखा थरथरायचा.

एका सकाळी खोकता खोकता बायनाबाई एकदम गप्प झाल्या. भांडं पडल्याचा आवाज आला. "आगं बायना! डोळं उघड की!" दत्तराव ओरडत होते. शेजाऱ्यांची जीप आली, माणसं धावली आणि त्यांना परभणीच्या दवाखान्यात नेलं. घर सुनं झालं. मी मात्र तसाच हिरवागार. अशी लाज शत्रूलाही येऊ नये.

राम पुण्याहून थेट दवाखान्यात पोचला होता. दुसऱ्या दिवशी मायची लुगडी न्यायला तो वडिलांबरोबर घरी आला. लुगडी माझ्याच खोलीतल्या पेटीत होती. बाहेर दोघं बोलत होते, ते ऐकून माझं काळीज हाललं. घरात धूर होतो का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. रामनं फोन पुढं केला होता. महिनोनमहिने हिरवं. धुराचा प्रश्नच नाही, असं ठासून सांगितलं होतं. त्यामुळं डॉक्टर आता हृदयात दोष शोधत होते आणि बायनाबाईंना नांदेडला हलवायचं ठरत होतं.

रामनं दार उघडलं आणि मला बघून तो जागीच थांबला.

"आबा, हे हितं कवापासून हाय?"

दत्तरावांनी मान खाली घातली. "संक्रांतीच्या आदीपसून."

"अन् मी डॉक्टरला काय सांगून बसलो! तुमी तरी बोलायचं की! माय हातची गेली असती माझी!"

दत्तराव गादीवर बसले. "तिनं शपथ घातली व्हती रे. लाल दिसलं की तू फोनवर निस्ता वरडायचास. हिरवं दिसाय लागलं, तवा कुटं तू इचारलंस, माय, जेवलीस का. लय खुशीत व्हती त्या दिवशी. म्हणली, ऱ्हाऊ द्या त्याला तिकडंच."

रामनं पेटी उघडून मायची लुगडी काढली. मग त्यानं दवाखान्यात फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, मी चुकीचं सांगितलं. घरात धूर हाय. लय धूर हाय."

मग उपचाराची दिशा बदलली आणि बायनाबाई घरी आल्या. डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला आहे आणि चुलीजवळ जायचं नाही, असं बजावलं आहे. छातीत वर्षानुवर्षं साठलेला धूर आता पुरता निघायचा नाही, असंही ते म्हणाले. तो काढणं माझ्याही हातात नाही. मी बाहेरची हवा गाळतो, आतली छाती नव्हे. रामनं मला नवा फिल्टर घातला आणि मायच्या खाटेजवळ ठेवलं. त्या झोपल्या की दत्तराव आठवणीनं दार लावतात. रामनं माझा दिवा फोनमधून काढून टाकला आहे. आता तो रोज मायशीच बोलतो. माझी काळजी मात्र गेलेली नाही. बायनाबाईंच्या श्वासात जरा शिटी वाजली, की मी कानात प्राण आणून ऐकतो.

परवा गॅस संपला होता. दुपारी रामचा फोन आला. "माय, आज चूल पेटवलीस का?"

बायनाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. चूल केव्हाच विझली होती, दार लावलेलं होतं, म्हणून मी हिरवा होतो. नाही म्हणणं सोपं होतं.

"पेटवली रे," त्या हळूच म्हणाल्या.

मी घाबरलो. आता पोरगा ओरडणार!

"बरं झालं सांगितलंस," राम म्हणाला. "पंप घेतलास का? आज गॅसची सोय करतो मी."

मित्रांनो, माझा फिल्टर वेळेवर बदला, दार लावा आणि आधी घरातला धूर थांबवा. मग मी माझं काम नक्की करीन. पण आई कशी आहे, हे माझ्या दिव्याला विचारू नका. तिलाच विचारा, आणि असं विचारा की तिला खरं सांगता येईल.