टाळ्या क्रमांक तीन

नणंदेचा फोन आला तेव्हा गणिताच्या बाई धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या.

"वहिनी, टीव्ही लावा! दादा दिसतोय!"

दादाला जाऊन चार वर्षं झाली होती. म्हणून बाईंनी आधी नणंदेच्या तब्येतीची चौकशी केली.

"माझं डोकं ठिकाणावर आहे हो. 'आपला परिसर' लावा. आत्ता!"

'आपला परिसर' हा स्थानिक सरकारी वाहिनीवरचा संध्याकाळी सातचा कार्यक्रम. वाचनालय पडल्यापासून बाईंच्या घरी तो लागत नसे. दहा मिनिटं बातम्या, दहा मिनिटं राजकारण, दहा मिनिटं संस्कृती अशी मूळ वाटणी होती. पण बाकावर मधे बसलेल्या जाड्या माणसासारखं राजकारण दोन्ही बाजूंना पसरत गेलं होतं, आणि बातम्या व संस्कृती आता कडेला एकेका मांडीवर तग धरून होत्या.

बाईंनी टीव्ही लावला. नगराध्यक्ष तीनमजली वाहनतळाची फीत कापत होते. जागा बाईंना चांगलीच माहीत होती. तिथे पाच वर्षांपूर्वीपर्यंत सार्वजनिक वाचनालय होतं आणि त्यात एकतीस वर्षं त्यांचे यजमान ग्रंथपाल होते. नगराध्यक्षांनी इमारत धोकादायक ठरवली आणि एका सकाळीत पाडली. पाडताना ती इतकी मजबूत निघाली की दोन यंत्रं मोडली. त्यानंतर ग्रंथपाल रोज नगरपालिकेच्या पायऱ्यांवर फलक घेऊन बसले. अकराव्या महिन्यात तिथेच छातीत कळ आली.

"पुस्तकं काय, घरीही वाचता येतात," नगराध्यक्ष म्हणत होते, "पण गाडी घरात लावता येते का?"

आणि टाळ्या. पडद्यावर प्रेक्षकांची दुसरी रांग, रांगेत तपकिरी स्वेटर, स्वेटरात ग्रंथपाल. डोळे मिटून, मनापासून टाळ्या वाजवताहेत.

स्वेटर बाईंनीच विणला होता. डावी बाही इंचभर आखूड. तो दिवसही त्यांना आठवला. नऊ वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या बासरीवादकाचा कार्यक्रम याच वाहिनीने चित्रित केला होता. वादन पूर्ण संपून शांतता पडेपर्यंत ग्रंथपाल हात हलवत नसत. मग मात्र डोळे मिटून बराच वेळ वाजवत, परत आलेलं पुस्तक पुसून जागेवर ठेवावं तसे.

फोन अजून चालू होता. "बघितलंत? किती छान दिसतोय! मी तर रोज बघणार आता."

"वन्सं, हे कोणासाठी टाळ्या वाजवताहेत, ते बघितलंत का?"

"मी आवाज बंद करून बघते, वहिनी."

*

दुसऱ्या दिवशी दहाला बाई वाहिनीच्या फाटकावर हजर. पहारेकऱ्याने वही पुढे सरकवली. नाव, पत्ता, वेळ लिहून झाली. 'काम' या रकान्यात बाईंनी शिक्षकी अक्षरात लिहिलं : नवऱ्याला न्यायला आले आहे.

पहारेकऱ्याने वाचलं. "कोणत्या विभागात असतात साहेब?"

"टाळ्यांच्या."

"मग दुसरा मजला, संकलन," तो म्हणाला. वाहिनीत वीस वर्षं काढल्यावर माणसाला कशाचंच नवल वाटत नसावं.

संकलक म्हणजे चष्मा कपाळावर चढवून तोच शोधणारा सडसडीत माणूस. तक्रार ऐकून त्याला हुरूपच आला. आपल्या कामाची चौकशी करायला आजवर कोणी आलंच नव्हतं.

"आमच्याकडे चार आहेत, बाई. टाळ्या एक, सभ्य. टाळ्या दोन, तरुण. टाळ्या तीन, सुसंस्कृत. यात तुमचे साहेब. आणि टाळ्या चार, छत्र्यांसकट. तीनला फार मागणी. साहेबांचा चेहराच असा आहे ना, की समोर जे चाललंय ते खरंच चांगलं असणार असं वाटतं."

"किती वेळा वापरल्या?"

"पाणीकपातीला, करवाढीला, नगराध्यक्षांच्या सगळ्या भाषणांना. हजारभर वेळा तरी."

"पण काल तिथे खरी माणसं नव्हती?"

संकलकाने दाराकडे पाहिलं आणि मूळ चित्रण लावलं. नगराध्यक्ष बोलायचे थांबले. समोर शंभरेक माणसं. कुणाचे हात खिशात, कुणाची हाताची घडी. एकही हात हलला नाही. मागून एक बाईमाणूस ओरडलं, "पुस्तकं कुठे टाकलीत?"

"यावर आम्ही साहेबांना टाकलं," संकलक म्हणाला.

म्हणजे अकरा महिने ज्या माणसाने हाच प्रश्न फलकावर लिहून धरला, त्याच माणसाच्या हातांनी तो प्रश्न दाबला गेला होता. मारणाऱ्यांनी निदान प्रेताला कामाला तरी लावायचं नव्हतं.

एवढ्यात निर्माता आला. गोल, घामट आणि सदा घाईत. प्रकरण ऐकून तो हसला. "टाळी ती टाळी हो, बाई! उलट साहेब अमर झाले असं समजा."

"ते नगराध्यक्षांमुळे गेले. आता त्यांच्याचमुळे अमर व्हायचं म्हणजे उपकार जरा जास्तच होतात."

"काढतो की! पण त्या जागी टाकू काय? असं करा. गुरुवारी नगराध्यक्षांची थेट मुलाखत आहे, प्रेक्षकांसमोर. तुमची चार माणसं घेऊन या. नव्या टाळ्या मिळाल्या की जुन्या पुसतो. शब्द देतो."

"येते," बाई म्हणाल्या, अगदी शांतपणे. रागाने तोल जायला आला की बाईंचा आवाज खाली जायचा. वर्गातल्या मागच्या बाकांना हे पाठ होतं. निर्माता त्यांच्या वर्गात कधी नव्हता.

*

गुरुवारी वाचनालयाचे चौदा जुने सभासद घेऊन बाई पहिल्या रांगेत बसल्या. कॅमेऱ्याशेजारी एक माणूस 'टाळ्या' लिहिलेली पाटी घेऊन उभा होता. दिवे लागले. निवेदिकेने डोळे विस्फारून पहिला प्रश्न टाकला, "शहरासाठी इतकं करूनही आपण इतके साधे कसे राहता?"

"मी..." नगराध्यक्ष म्हणाले.

पाटी वर गेली. टाळ्या सुरू झाल्या. पाटी खाली आली. टाळ्या चालूच.

नगराध्यक्षांनी आधी हात जोडले. मग मान लववली. मग पाणी प्यायले. पाटीवाल्याने पाटी उलटी केली, काखेत लपवली, शेवटी तिच्यावर बसला. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. तळहात भाजत होते, पण प्रत्येक टाळीसरशी त्यांना नगरपालिकेच्या पायऱ्या दिसत होत्या, आणि बाई टाळ्या आणखी जोरात वाजवत होत्या. मागच्या रांगांनाही लागण झाली. आरडाओरडा करणाऱ्याला बाहेर काढायची सोय नियमांत होती; टाळ्या वाजवणाऱ्याला काढायची नव्हती. वीस मिनिटांच्या मुलाखतीत नगराध्यक्षांना 'मी', 'बघा' आणि 'अहो' एवढंच बोलता आलं. निवेदिकेने मुलाखत अत्यंत माहितीपूर्ण झाल्याचं सांगून आभार मानले, असं तिच्या ओठांवरून वाटलं.

बाहेर आल्यावर चौदाजण पोट धरून हसले. बाईही हसल्या. चार वर्षांत पहिल्यांदा.

*

सोमवारी सातला नणंदेचा फोन आला. ती हुंदके देत होती.

"दादा गेला हो, वहिनी."

"म्हणजे?"

"टीव्हीतून गेला. आता तिथे तुम्ही आहात."

बाईंनी टीव्ही लावला. नगराध्यक्ष दुसऱ्या वाहनतळाची घोषणा करत होते. जागा, नगरपालिकेच्या शाळेचं मैदान. बाईंनी त्याच शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं होतं. "मुलं काय, वर्गातही खेळू शकतात," ते म्हणाले. आणि पहिल्या रांगेत गणिताच्या बाई, डोळे मिटून, अंगातलं सगळं बळ लावून टाळ्या वाजवत होत्या. रागाने लाल झालेला चेहरा पडद्यावर आनंदाने उजळल्यासारखा दिसत होता.

मागोमाग संकलकाचाही फोन आला. "बाई, शब्द पाळला हं. साहेबांना कायमचं पुसलं. तुमच्या आता टाळ्या पाच. निर्माते म्हणतात, इतकी जिवंत टाळी वाहिनीने आजवर पाहिली नव्हती."

नणंदेचा फोन परत आला. "वहिनी, आवाज बंद केला ना, की तुम्हीही छान..."

"आवाज बंद करू नका!" बाई ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज वर गेला होता. त्याही दचकल्या. मग हळू म्हणाल्या, "ते गेलेले होते, वन्सं. उठून जाता येत नव्हतं त्यांना. मला येतं."

सकाळी दहाला त्या फाटकावर होत्या. पहारेकऱ्याने न विचारता वही पुढे केली. 'काम' या रकान्यात त्यांनी लिहिलं : स्वतःला न्यायला आले आहे.

पहारेकऱ्याने वाचलं आणि मान खाली घातली. "तुम्हाला आत सोडायचं नाही, असं वरून आलंय, बाई."

"मी कुठे आत येतेय?"

त्या वळल्या आणि फाटकासमोरच्या पायरीवर बसल्या. फलक आणायचा राहिला होता; तो उद्या आणता येणार होता. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली, तिथून कॅमेऱ्याचं भिंग खाली वळताना दिसलं. बाईंनी भिंगाकडे सरळ पाहिलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून धरले.