मान टाकलेला घोडा

घोडा कसा तयार होतो ते आधी सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या ओल्या खोडाची जाड चकती कापायची आणि लेथवर बसवायची. चकती गरगर फिरत असते आणि कारागीर पटाशीने तिच्यात खाचा आणि उंचवटे काढत जातो. आधी एका बाजूने, मग उलटून दुसऱ्या बाजूने. शेवटी हातात येते एक लाकडी कडे. त्यात घोडा कुठेच दिसत नाही. मग ते कडे केक कापावा तसे सुरीने उभे चिरायचे. पहिली फोड सुटली की कापाच्या बाजूला घोडा उभा असतो: पाय, पोट, मान, तोंड. एका कड्यातले सगळे घोडे एकसारखे. एकाची मान वाकडी, तर सगळ्यांची वाकडी.

आमच्या डोंगरात हे काम घरोघर चालायचे. गोथार्ड उलिग कडी कातायचा, त्याची बायको एल्फ्रीडे घोडे रंगवायची आणि शेजारची मी ती कडी चिरायची. नाताळच्या झाडाला टांगायचे हे चिमुकले घोडे पेट्या भरून सीमेपलीकडे, दुभंगलेल्या आमच्या देशाच्या पश्चिमेकडच्या अर्ध्यात जात. आमच्या गावच्या दुकानात ते मिळत नसत. ते नशीब पश्चिमेकडच्या लोकांचे.

गोथार्डची एकुलती एक मुलगी, मारलीस, तीही पश्चिमेलाच होती. दोन अर्ध्यांच्या मध्ये भिंत उभी राहून वाट बंद व्हायच्या आधी ती गेली. जाताना बापाने तिला सांगितले होते की या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस. तिने ते ऐकले. आईला मात्र दोन-तीन पत्रे आली. शेवटच्या पत्रात तिने लिहिले होते की दर डिसेंबरात मी दुकानांच्या काचेतून बाबांचे घोडे शोधते, खुराच्या कापावरून लगेच ओळखते. मग तिने घर बदलले असावे, कारण एल्फ्रीडेची पत्रे परत येऊ लागली.

मग बऱ्याच वर्षांनी एका सप्टेंबरात एल्फ्रीडे अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी गोथार्डला बाहेर अंगणात नेऊन सांगितले की नाताळ दिसला तर दिसला. एव्हाना पूर्वी देश सोडून गेलेल्यांवर खटले भरणे बंद झाले होते. परवानगी काढून मारलीस आईला भेटायला येऊ शकली असती. पण तिला कळवणार कसे? गोथार्डने पत्ता मिळवण्यासाठी पाद्रीबाबांकडे खेटे घातले, पोस्टात बसून राहिला, ज्यांचे कोणी तिकडे होते त्या सगळ्यांची दारे ठोठावली. काही उपयोग झाला नाही. आमच्याकडून सीमा ओलांडून जात होते ते फक्त लाकूड.

एके दिवशी त्याने माझ्यासमोर एक कडे ठेवले आणि म्हणाला, हे तू तुझ्या घरी चीर, एल्फ्रीडेच्या नजरेला पडू देऊ नकोस. मी चिरले. फोड सुटली आणि माझा हात थांबला. घोड्याची मान गळून पार गुडघ्यांपर्यंत आली होती.

तो घोडा मी ओळखला. मारलीस सहा वर्षांची असताना तिची आजी वारली. त्याच दिवशी गोथार्ड लेथवर बसला आणि त्याची पटाशी आत घसरली. सगळ्या कड्याने मान टाकली. आम्ही ते घोडे चुलीत घातले, पण मारलीसने एक काढून घेतला, डोळ्याच्या जागी टिंबाऐवजी एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाली, आजी गेली ते याला कळलंय. तेव्हापासून त्या घरात कोणी फार आजारी झाले की म्हणत, घोड्याने मान टाकली. गाव सोडताना तो घोडा मारलीसच्या कोटाच्या खिशात होता.

आता गोथार्डने मुद्दाम पटाशी आत घातली होती. काचेपलीकडे तिला हा घोडा दिसेल. बाबांनी केलाय म्हणजे बाबा आहेत. मग मान कोणी टाकली, हे तिला कळायला किती वेळ लागणार?

आमचा माल घेऊन पलीकडे पाठवणारे काडेनसाहेब तो बघायला आले. त्यांनी घोडा तळहातावर ठेवला आणि याला काय झालंय म्हणून विचारले. गोथार्डने सुचेल ते उत्तर दिले.

"चरतोय, साहेब."

"मग गवत कुठाय? हवा खातोय का?"

साहेब स्वतःच हसले. घोडा त्यांना आवडला होता. नवीन नमुना म्हणून त्यांनी या वर्षीची सगळी कडी अशीच कातायला सांगितली. फक्त पायाखालच्या पट्टीवर, तोंडापाशी, हिरव्या गवताचा झुपका हवा.

ते गेल्यावर गोथार्ड तिथेच भुशात बसला. जितके हवेत त्याहून जास्त घोडे आता पलीकडे जाणार होते आणि एकही काही बोलणार नव्हता. समोर गवत आणि खाली मान. त्यात कोणाला मरण दिसणार?

गवत चिकटवलेले घोडे टोपलीत घालून मी मागच्या दाराने निघाले होते, तेवढ्यात आतून एल्फ्रीडेची हाक आली.

"हिल्डे, टोपली इकडे आण. आठ दिवस झाले, तुम्ही दोघं घरात चोरासारखे वावरताय."

मी गोथार्डकडे पाहिले. तो दारात उभा राहिला, केसांत अजून कीस अडकलेला. एल्फ्रीडेने एक घोडा उचलला, उजेडात धरला, फिरवून पाहिला.

"डॉक्टरांनी तुला सांगितलं," ती म्हणाली. "तू मला सोडून अख्ख्या जगाला सांगत सुटलास होय?"

गोथार्ड तोंड झाकून रडू लागला. तिने त्याला रडू दिले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चरणाऱ्या घोड्याचा डोळा उघडा असतो. आमच्या पोरीच्या घोड्याचा मिटलेला होता. माझा ब्रश दे."

पाठीला उशा लावून तिने रंगवायला घेतले. प्रत्येक घोड्याच्या डोळ्याला टिंबाऐवजी एक बारीक रेघ. डोळे कोण तपासतो? गोथार्ड कातायचा, मी चिरायची, गवत लावायची आणि एल्फ्रीडे रेघ ओढायची. तिला उकडलेला बटाटाही जात नव्हता, पण ब्रश ती खाली ठेवत नसे. मी म्हटले, थोडे मी करते. तिने ऐकले नाही. माझ्या हातची रेघ मारलीस ओळखते, तुझी नाही, एवढेच म्हणाली. शेवटच्या पेट्यांतल्या रेघा थरथरल्या होत्या. ऑक्टोबरात माल गेला.

नंतर फक्त वाट पाहणे उरले. आमच्याकडे नाताळात मुलासाठी लाकडी खाणकामगार आणि मुलीसाठी लाकडी देवदूत, हातात मेणबत्ती देऊन खिडकीत ठेवतात. एल्फ्रीडेने मारलीसचा देवदूत यंदा लवकर काढायला लावला. दुपारची बस चढावर गुरगुरली की ती डोळे उघडायची. बस थांबायची, दार आपटायचे, बस पुढे जायची.

डिसेंबर लागला तसे काडेनसाहेब पुढच्या वर्षीचे काम सांगायला आले. खुशीत होते. चरणारा घोडा बघताच एका व्यापाऱ्याने सगळा माल एकरकमी उचलला आणि हाम्बुर्गहून जहाजाने अमेरिकेला नेला, असे त्यांनी सांगितले. पलीकडच्या दुकानांना एक पेटीसुद्धा उरली नाही, म्हणाले.

गोथार्डने हात मागे नेऊन स्वयंपाकघराचे दार हळूच लावून घेतले.

एल्फ्रीडेने ते ऐकले की नाही, मला कळले नाही. त्यानंतरही ती बसकडे कान लावून असायची. जायच्या आदल्या दिवशी तिने नवऱ्याला जवळ बोलावले.

"मी गेले की घोड्याची मान वर कर. पोर उगाच धावत येईल आणि रिकामी खाट बघेल."

त्याने मान हलवली.

नाताळच्या आधीच आम्ही तिला पुरले. जमीन इतकी गोठली होती की कुदळीतून ठिणग्या उडत होत्या. फेब्रुवारीत नवे लाकूड आले आणि गोथार्ड लेथवर बसला. त्याने आणून दिलेले पहिले कडे मी चिरले. फोड उजेडात धरली.

मान खालीच होती.

"एल्फ्रीडेनं काय सांगितलं होतं?" मी विचारले.

तो बाहीवरचा कीस झटकत राहिला. मी गवत लावले, अंगाला तपकिरी रंग दिला. काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि थांबले. डोळ्याचे काय करायचे ते मला माहीत नव्हते. रेघ की टिंब, असे विचारले.

तो खिडकीशी गेला. देवदूत अजून तिथेच होता, त्याने उचलला नव्हता. खाली चढावर दुपारची बस गुरगुरत होती.

"टिंब दे," तो म्हणाला. "उघडा राहू दे डोळा. वाट बघतोय तो."