ओळखीची बाटली

ब्युरेटच्या टोकाशी थेंब फुगला होता आणि सुटत नव्हता. खालच्या शंकुपात्रातलं पाणी अजून लालसर जांभळंच; हा थेंब पडला तर निळं होईल, कदाचित होणारही नाही... तिची बोटं तोटीवर तशीच होती. शेजारी, ओल्या हातांपासून दूर सरकवलेली, तिच्या कथांच्या पुस्तकाला मामांनी लिहिलेली प्रस्तावना. टाचणी लावलेले दोन कागद.

मामा म्हणजे नवऱ्याचे मामा, एका मासिकाचे संपादक. मासिक कधीच बंद पडलं, पण घरात ते संपादकमामाच राहिले. मुलगी रांगत होती तेव्हा तिने आपल्या कथा त्यांना दिल्या होत्या. “लिहीत राहा हो,” ते म्हणाले होते, “पण ओलावा नाही गं यात. प्रयोगशाळेचा अहवाल वाचल्यासारखं होतं.” आणि मग चहा मागितला होता. तिने तो केला होता, साखर बेताची घालून—आणि त्यानंतर एक ओळही लिहिली नव्हती. मुलगी शिकली, नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली, तेव्हा कुठे ती पुन्हा लिहायला बसली. या खेपेला कुणाला विचारायचं नाही, पुस्तक आपणच छापायचं, असं ठरवूनच.

“स्वतः छापलं की लोकांना वाटतं, हौस आहे,” नवरा म्हणाला होता. “मामांचे चार शब्द असले की वजन येतं.” आणि तिने मान हलवली होती. त्या हललेल्या मानेची तिला अजून किळस येते.

पण हस्तलिखित पाठवण्याआधी तिने एक गोष्ट केली होती. इथे, पाण्याच्या प्रयोगशाळेत, तपासणीच्या प्रत्येक खेपेत एक ओळखीची बाटली घालतात; तिच्यातलं पाणी कसं आहे ते आधीच ठाऊक असतं. परीक्षा पाण्याची नसते, तपासणाऱ्याची असते. तिसऱ्या कथेत, म्हातारी आपल्या मेलेल्या बहिणीच्या घराचं कुलूप उघडते तिथे, तिने प्रयोगशाळेच्या माहितीपुस्तिकेतलं एक अख्खं पान घुसवलं—बाटली कशी धुवावी, नळ किती वेळ वाहू द्यावा, झाकणाला आतून बोट लावू नये.

‘विशेषतः तिसरी कथा मी एका दमात वाचून काढली,’ मामांनी लिहिलं होतं. ‘कुठे खीळ नाही. शब्दाशब्दात ओलावा आहे.’

“तू वाचलीस ना तिसरी?” सकाळी तिने नवऱ्याला विचारलं होतं.

“वाचली की.” तो मोजा शोधत होता.

“कुलूप उघडल्यावर काय होतं?”

“अगं, परीक्षा घेतेस का? छान आहे म्हटलं ना. मामांना फोन कर आधी. माणूस एवढं मनापासून लिहितो.”

“हो ना. न वाचता याहून मनापासून कोण लिहिणार?”

त्याला मोजा सापडला होता.

ओळखीच्या बाटलीत जो चुकतो, त्याचे त्या खेपेतले सगळे निष्कर्ष रद्द—हा इथला नियम. मग तो जुना निष्कर्ष? त्या कथा तरी त्यांनी उघडल्या होत्या का? की नुसतं सुनेचं काम माहीत होतं, प्रयोगशाळा, आणि त्यावरून अहवाल... आणि मी, जी दुसऱ्याच्या हातचा साधा आकडाही पुन्हा तपासल्याशिवाय पुढे पाठवत नाही, मी तो निष्कर्ष तसाच उचलला. त्यांनी ते पान पकडलं असतं तर मला बरं वाटलं असतं, हे आत्ता कळतंय. निदान वाचणाऱ्या माणसाने नाकारलं होतं, असं तरी झालं असतं.

फोन थरथरला. बोट दचकलं, एकाऐवजी बरेच थेंब गेले. पाणी भक्क निळं. नमुना वाया. पुन्हा करावा लागणार.

“ताई, प्रस्तावनेची पानं कोरी ठेवलीत,” छापखानेवाला म्हणाला. “आज पाठवताय ना? नाहीतर दुसरं काम मशीनवर चढवतो.”

“तिसऱ्या कथेत बाटली धुण्याचं एक पान आलंय. ते काढायचंय.”

“असं पान आहे? बघतो. मी काय, समास बघतो, मजकूर नाही.”

हा निदान खरं बोलला. म्हणजे अजून कुणीच वाचलेलं नाही... कुणीच. हे मनाला लागायला हवं होतं. ती वाट पाहत राहिली, आणि लागलं नाही.

“आणि प्रस्तावना, ताई?”

तिने ते दोन कागद उचलून ओल्या शंकुपात्राखाली घातले.

“प्रस्तावना नाही,” ती म्हणाली. “पहिल्या पानावर गोष्टच येऊ दे.”